झोपवलेली बाटली

बाबा आले ते पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन काचेचे पेले घेऊन. नारळी पौर्णिमेची सकाळ होती. मामा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर बसून समुद्राला द्यायचा नारळ सोलत होते. शेंडी तेवढी ठेवायची आणि बाकीचं सोडण काढायचं, हे काम ते वाडीत दुसऱ्या कोणाला करू देत नसत.

"काय रे यशो, हात हलवीत इलंस काय?" मामांनी मान वर न करताच विचारलं.

"हात हलवीत कित्याक? ह्यां बग."

बाबांनी कागद सोडून पेले ओट्यावर मांडले. बुटके, जाड बुडाचे, बोटीवरचे पेले होते ते. लहानपणापासून मी ते आमच्या कपाटात बघत आले होते, पण त्यांत कोणी पाणीसुद्धा प्यायलेलं मला आठवत नव्हतं. मामांच्या हातातला कोयता थांबला. त्यांनी पेल्यांकडे बघितलं आणि मग बाबांकडे.

"तीन व्हये होते. तिसरो खंय?"

"तिसरो नाय, भिको."

मामांनी पुन्हा कोयता उचलला आणि नारळाचं एकेक सोडण सावकाश ओढून काढू लागले. मी दारात उभी होते. हातात चहाचे कप होते, पण पुढे जाऊन ते ठेवायचं मला सुचेना. बाबा कशासाठी आले आहेत ते मला ठाऊक होतं. मामांनाही ठाऊक होतं.

हे सगळं एका बाटलीचं होतं. ती कुठून आली ते आधी सांगायला हवं.

माझे बाबा यशवंत गिरप आणि मामा भिकाजी केळुसकर, दोघं वेंगुर्ल्याचे, दोघांनी उभी हयात एकाच गोऱ्या कंपनीच्या प्रवासी बोटीवर स्टुअर्ड म्हणून काढली. बाबा बारमध्ये, मामा वाईनच्या कोठीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे पेले भरले आणि गावी आले की काजूच्या उर्राकावर, गावठी दारूवर, भागवलं. इंग्लंडच्या युवराजाचं लग्न झालं त्या साली बोटीवरही मोठा थाट झाला. त्या लग्नासाठी म्हणून स्कॉटलंडातल्या कुठल्याशा भट्टीनं व्हिस्कीच्या मोजक्याच बाटल्या काढल्या होत्या, त्यातली एक कप्तानानं खलाशांच्या लॉटरीत लावली. बाबांनी आणि मामांनी दोघांत मिळून एक चिठ्ठी घेतली होती. नेमकी तीच निघाली.

बाटली म्हणजे काच नव्हे. निळ्याशार चिनी मातीचा गोल पोटाचा चंबूच तो. पोटावर सोनेरी वेल, मधोमध नवरा-नवरीच्या नावांची अक्षरं गुंफलेली, बुचावर मुकुट आणि बुडाला काळ्या शाईत तिचा स्वतःचा नंबर. आत बघायची सोय नाही. आत राजाच्या लग्नाची दारू आहे, एवढं कानांनी ऐकायचं आणि मनात ठेवायचं.

एक बाटली आणि दोन धनी. मग ठरलं की वर्षभर एकाच्या घरी आणि वर्षभर दुसऱ्याच्या घरी. नारळी पौर्णिमेला तिनं घर बदलायचं. बाबा ती छातीशी धरून निघत, मामा वर छत्री धरत, आणि आम्ही पोरं मागून. वाडीतल्या बायका दारात येऊन म्हणत, "चल्ली बाय सासराक!" पुढे माझं लग्न मामांच्या दिगंबरशी ठरलं, तेव्हा सगळे हसले की दोघा म्हाताऱ्यांनी बाटलीच्या फेऱ्या वाचवायला सोयरीक केली.

तिच्यावरून दोघांचं एकच भांडण होतं. मामा तिला आडवी ठेवत. कोठीतल्या म्हाताऱ्या गोऱ्यानं त्यांना शिकवलं होतं की बाटली झोपवायची, म्हणजे बूच ओलं राहतं, सुकून तडकत नाही. बाबा तिला उभी ठेवत.

"ती वाईन न्हय रे भिको. ही कडक. झोपवलंस तर बूच खाईत."

"तू पेले धुवलंस तितक्यो बाटल्यो मी झोपवलंय. माका शिकव नको."

त्यामुळे आमच्या घरी ती कपाटात उभी असे आणि मामांच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत निजलेली. दोघांपैकी कोण खरा, हे बाटली उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि उघडायची ती लग्नातच, यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

माझ्या लग्नाच्या दिवशी बाबांनी ती मांडवात आणली. पंगत उठली होती. मामांनी मुकुटाला हात घातला आणि दिगूनं त्यांच्या हातावर आपला तळवा ठेवला. त्याच्या अंगात मुंबईहून शिवून आणलेला मोतिया रंगाचा कोट होता. शेल्याची गाठ अजून सुटली नव्हती, त्यामुळे तो पुढे झाला की मलाही पुढे व्हावं लागत होतं.

"आज नको. आज अख्खो गाव आसा, एकेका थेंबाक भांडाण लागात. मी बोटीची पयली फेरी मारून येतंय. मगे आमी तिघांच बसूया. दोन पेले तुमचे, तिसरो माजो." मग मागे वळून मला हळूच म्हणाला, "तुका वास घेवक देतलंय."

दसऱ्याच्या आधी तो बोटीवर चढला आणि शिमग्याला बातमी आली. त्याची मालवाहू बोट उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड समुद्रात वादळात बुडाली होती. काहीजण सापडले, काहीजण नाही सापडले. दिगू नाही सापडला.

आमच्याकडे मरणाची बातमी कानावर पडली की घरच्यांनी होते त्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. मग सुतक लागतं. वाडीतली माणसं जमली, विहिरीवर कळशा मांडल्या गेल्या, बायका माझ्याकडे बघत होत्या. मामा दारात उभे राहिले आणि दोन्ही हात त्यांनी चौकटीला लावले.

"कोणी बगल्यान मढा? कोणी हात लावल्यान? मगे माजो झील मेलो म्हणान कोण सांगता?"

त्यांनी डोक्यावर तांब्याभर पाणी घेतलं नाही. बायका माझ्या बांगड्यांना हात न लावता परत गेल्या. त्या दिवशी मला मामा देवासारखे वाटले, हे खोटं कशाला बोलू?

बाटली तेव्हा त्यांच्याकडे होती. पुढची नारळी पौर्णिमा आली तेव्हा बाबा रीतीप्रमाणे न्यायला आले. मामा म्हणाले, "तो येय तवसर ती हयच रवांदे." त्यांनी तिला दिगूच्या लग्नाच्या कोटात गुंडाळून, ट्रंकेत भाताचा पेंढा घालून झोपवली होती. दर सणाला ते ट्रंक उघडत, वाकून वास घेत आणि मला बोलावत. "बाये, बग कसो घमघमाट सुटलो हा. पिकता हा माल." खरंच वास येई. मधासारखा, जळलेल्या लाकडासारखा. सगळ्या माजघरात तो भरून राही. मलाही तो आवडू लागला होता. कोणीतरी लांबच्या प्रवासाहून येऊन नुकतंच घरात बसलं आहे असं वाटे.

एकदा गोव्याहून एक गृहस्थ गाडी घेऊन आले. असल्या बाटल्या जमवण्याचा त्यांना नाद होता. जगात हिच्या बहिणी मोजक्याच उरल्यात, लोक त्या काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवतात, असं ते सांगत होते. मामांनी त्यांना बाटली दाखवलीच नाही. ट्रंकेचं झाकण चार बोटं उचललं आणि म्हणाले, "वास घेवा नि जावा." त्या गृहस्थांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. "आजोबा, खरं म्हणजे बंद बाटलीचा असा वास यायला नको," ते चाचरत म्हणाले. मामांनी झाकण दाणकन आपटलं. "राजाच्या लग्नाची दारू ती! तुमच्या बाजारातली न्हय!"

अशी सात वर्षं गेली. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच वारल्या होत्या, त्यामुळे घरात मी आणि मामा दोघंच. मी कुंकू लावत होते, वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळत होते. वाडीतल्या बायका माझ्या ताटात वाण घालताना क्षणभर थांबायच्या. घालावं की न घालावं, हे त्यांनाही कळत नसे.

त्या वर्षी शिमग्याला मी माहेरी गेले होते. तिथे कणकवलीचे एक गृहस्थ आले. एसटीत कंडक्टर होते. बायको गेलेली, सोबत पाच वर्षांची मुलगी. मोठी माणसं ओसरीवर बोलत बसली आणि ती पोर कंगवा घेऊन सरळ माझ्याकडे आली. मी तिची एक वेणी घातली. दुसरी घालता घालता तिनं मान माझ्या मांडीवर टाकली आणि झोपून गेली. ती जागी होईपर्यंत मी हलले नाही. पाय पार बधिर झाले होते. त्या दिवसापासून मला माझंच मन आवरेना. मला ते घर हवं होतं. मला ती पोर हवी होती. हे मी कोणाला बोलले नाही, पण बाबांनी माझ्याकडे बघितलं होतं, आणि बापाला ते पुरतं.

तर असे बाबा त्या सकाळी दोन पेले घेऊन आले होते.

"भिको," बाबा म्हणाले, "भटजीक विचारलंय मी. मढा गावला नाय तरी दर्भाचो पुतळो करून सगळा करूक येता. कणकवलीवाल्यांका गणपतीच्या आधी काय ता सांगूचा आसा."

"तुका तुजा चेडू न्हेवचा आसा, तर न्हे. मी कधी दार लावलंय? बाटली कित्याक उघडूक व्हयी?"

"कारण ती बंद आसा तवसर ह्यां चेडू खंयच जावचा नाय. तू पण मोकळो होवचंस नाय."

"म्हणजे मी माज्या हातान झिलाक मारू?"

मामांचा आवाज इतका चढला की समोरच्या वाटेनं नारळ घेऊन बंदराकडे निघालेली माणसं थबकली. बाबांनी मान खाली घातली. मग मामांनी माझ्याकडे बघितलं. सात वर्षांत त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं, ते त्यांनी त्या दिवशी विचारलं.

"बाये, तू सांग. तुका काय व्हया?"

माझ्या हातात चहाचे कप अजून तसेच होते. मी ते खाली ठेवले. हा माणूस माझ्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसला होता. बाजारातून येताना न विसरता माझ्या केसांत माळायला अबोलीचा वळेसर आणत होता. मी गेले तर याला पेज कोण देणार, हाच विचार मी शिमग्यापासून करत होते. आणि तरी तोंडातून निघालं ते निघालंच.

"मामांनू, माका आता वाट बघूक जमणा नाय."

 मामांनी कोयता बाजूला ठेवला, सोललेला नारळ ओट्याच्या कडेला नीट टेकवून ठेवला, आणि ते आत गेले. ट्रंक फरफटत आणल्याचा आवाज आला. बाबा उठून हात लावायला गेले, तर मामा म्हणाले, "रवांदे. माका जमता."

त्यांनी ट्रंक ओट्यावर आणली, झाकण उघडलं. तोच वास बाहेर आला. मामांनी कोटासकट बाटली उचलून मांडीवर घेतली, तान्ह्या पोराला घ्यावं तशी, डोक्याखाली हात घालून. मग कोटाची एक बाही सोडवली, दुसरी सोडवली. ऊन पडलं आणि निळा रंग झळकला. इतक्या वर्षांत एक टवकासुद्धा गेला नव्हता.

"पेले फुडे कर," मामा म्हणाले.

त्यांनी मुकुट धरून पिळला. बूच निघालं नाही, मुकुटच हातात आला. खालचं बूच काळं पडून कुजलेल्या लाकडासारखं झालं होतं. बोट लावताच त्याचा भुगा झाला. बाबांनी पहिला पेला पुढे धरला. मामांनी बाटली तिरपी केली, अजून तिरपी केली आणि मग पुरती उलटी केली. बुचाचे चार कण पेल्यात पडले. दुसरं काही पडलं नाही.

मामांनी बाटली कानाशी धरून हलवली. पुन्हा उलटी केली. बाबांचा पेल्याचा हात तसाच पुढे राहिला होता.

"मी तुका सांगलेलं..." बाबांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी ओठ आत घेतले. वीस वर्षांचं भांडण ते जिंकले होते. त्यांचा चेहरा मला बघवेना.

मामांचं लक्ष बाटलीवरून मांडीवरच्या कोटाकडे गेलं. त्यांनी तो उचलून उन्हात धरला. मोतिया कापडावर डाव्या खिशापासून खालपर्यंत चहासारखा एक मोठा डाग उतरला होता. कडेला फिका आणि छातीपाशी गडद. वर्षानुवर्षं थेंब थेंब झिरपून, मुरून, वाळून तो झाला होता. मामांनी कोट नाकाशी नेला आणि तोंड त्यात खुपसलं. बराच वेळ त्यांनी ते वर काढलं नाही.

"यशो," ते म्हणाले तेव्हा आवाज कोटातूनच आला. "प्यालो रे."

"काय म्हणतंस?"

"पोरग्यान आपलो वाटो घेतल्यान. माजी वाट नाय बगल्यान. येवन, पियान गेलो."

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेला खाली ठेवला, ओट्यावर मामांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"तुजो नि माजो पण घेतल्यान, लबाडान," बाबा म्हणाले.

मामा हसले. ते हसू अर्ध्यावरच मोडलं. आणि सात वर्षांत ज्या माणसाच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं नव्हतं, तो माणूस मित्राच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागला. बाबाही रडत होते. मी पायरीवर बसले. मला रडू येत नव्हतं. कोटाची एक बाही खाली लोंबत होती आणि मी ती धरून बसले होते. त्या बाहीतल्या हातानं मला एकदाच धरून मांडवातून चालवलं होतं.

पुढे सगळं रीतीप्रमाणे झालं. दर्भाच्या पुतळ्यावर मामांनी तो कोट घातला आणि आपल्या हातानं अग्नी दिला. मी कणकवलीला गेले. माझी मुलगी, तीच ती वेणीवाली, मामांना आजो म्हणत मोठी झाली. सुट्टीत ती महिना महिना त्यांच्याकडे राहायची. बाटलीला तिनं मुकुट पुन्हा चिकटवला होता. शेवटपर्यंत ती मामांच्या उशाच्या फळीवर असे, उभी.

पण मला आठवते ती त्या दिवशीची विहीर.

रडणं ओसरल्यावर मामा उठले. नेसूचा पंचा, अंगातला सदरा, तसेच पायऱ्या उतरून विहिरीवर गेले आणि कातळावर उकिडवे बसले. तोंड दर्याच्या बाजूला होतं. बंदरावर ढोल वाजायला लागले होते.

"बाये," त्यांनी हाक मारली, "पाणी काढ."

मी कळशी सोडली. भरून वर ओढली आणि त्यांच्या डोक्यावर ओतली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "अजून," ते म्हणाले. मी दुसरी ओतली. पाणी त्यांच्या सदऱ्यातून वाहत होतं, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं. मग तिसरी कळशी मी माझ्याच डोक्यावर घेतली. बाबा मागे येऊन उभे होते, त्यांनी पुढे होऊन माझ्या हातातला दोर घेतला.

वाटेनं माणसं चालली होती. कोणीतरी ओरडून विचारलं, "भिकाजीनू, नारळ घेवन येतास मा?" मग त्यांनी आम्हाला ओल्या कपड्यांत बघितलं आणि बंदराकडे निघून गेले.

सोललेला नारळ ओट्याच्या कडेला तसाच राहिला. सुतकात समुद्राला नारळ देत नाहीत.